चिंगीची चूक नाही

आमच्या समोरच्या काकांच्या घरी पाहुणा आला की ते आधी त्याच्या चपला उचलत. स्वतःच्या हातांनी उचलून दाराजवळच्या कपाटाच्या पार वरच्या फळीवर ठेवत. वडीलधारा माणूस आपल्या चपलांना हात लावतोय म्हटल्यावर जीव कसा होतो, ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या भेटीत मी जवळजवळ ओरडलेच, "अहो काका, राहू द्या ना!" काका शांतपणे म्हणाले, "खाली राहिल्या तर बाईसाहेब त्यात मुततील. तिची चूक नाही."

बाईसाहेब म्हणजे त्यांची मांजर, चिंगी. आणि 'तिची चूक नाही' हे मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. तिने गालिचा ओला केला, तिची चूक नाही. घड्या घातलेल्या कपड्यांवर बसून कार्यभाग उरकला, तिची चूक नाही. माझ्या नवऱ्याच्या पोटरीला ती कडकडून चावली, तेव्हाही काका आधी तिच्याकडे वळून "घाबरलीस का गं?" म्हणाले आणि मग मलम शोधायला गेले. मला वाटायचं, लाडावून ठेवलंय नुसतं.

जर्मनीत झिंडेलफिंगेनला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होतो. काका गाड्यांच्या कारखान्यात सीटची परीक्षा घेत. तिथे एक यंत्र दिवसभर सीटवर बसतं, उठतं, पुन्हा बसतं, आणि लेदरला कुठे चीर गेली का ते काका बघत. काही वर्षांपूर्वी ते अमेरिकेतून बदलून इथे आले, काकू, मुलगी सई आणि टोपलीतली चिंगी यांच्यासह. आमच्या भागात जिना झाडायची पाळी असते, केरवोखे. पाटी ज्याच्या दारावर लटकेल त्याने आठवडाभर जिना लखलखीत ठेवायचा. आम्ही बायका ही पाळी नवऱ्याच्या गळ्यात घालण्यात पटाईत झालो होतो. काकांनी ती आपणहून घेतलेली. कठड्यामागची धूळसुद्धा पुसून वर मला ऐकवत, "तुझ्या पाळीत कोपरे राहतात गं."

चिंगी चालायची ती तापलेल्या फरशीवर चालल्यासारखी. पुढचे पाय टेकवताना सगळं अंग मागे घ्यायची. खुर्चीवर उडी मारण्याआधी बराच वेळ विचार करायची आणि बहुधा बेत रद्द करायची. खालच्या जर्मन आजींचा बोका बाल्कनीला टेकवलेल्या शिडीवरून बागेत जा-ये करी, आणि ही काचेआडून त्याच्याकडे बघत बसे. कधीकधी ती सोफ्यापाशी जाऊन दोन्ही पंजे उंच टेकवायची आणि जीव खाऊन खरवडायची. आवाज काहीच नाही. पुढच्या पायांना नखंच नव्हती. मन भरलं की ती वळून निघून जायची. पाहुणे हसत. काका मात्र उठून चहा ठेवायला जात.

नखं का नाहीत असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "अमेरिकेत आधीच्या मालकानं काढली." काकू तेव्हा खाली बघत. बारा वर्षांच्या सईने हेच ऐकलं होतं, आणि त्या न पाहिलेल्या मालकाचा तिला भयंकर राग होता. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. "तो भेटला ना, तर मी त्याला चावेन," असं ती मला जर्मनमध्ये बजावून सांगायची.

एके दिवशी चिंगी पुढचा पाय टेकवेना. काकू ऑफिसात, सई शाळेत, आणि काकांना टोपली मांडीवर हवी, म्हणून गाडी मी चालवली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक्स-रे दाखवला. नुसती नखं काढलेली नव्हती. प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापलेलं होतं, आणि एका बोटात राहिलेला तुकडा आतून टोचत होता. तोल बदलून चालून चालून पाठही आखडलेली. शी-शूच्या टोपातले खडे दुखऱ्या पंजांना टोचतात म्हणून ही मऊ जागा शोधते, त्या म्हणाल्या. आणि पंजा मारून 'लांब राहा' असं सांगता येत नाही म्हणून थेट चावते. तुकडा काढता येईल, बाकीचं मात्र परत येणार नाही. मग त्यांनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "आमच्याकडे याला कायद्यानं बंदी आहे. कुणी केलं हे?"

"मी," काका जर्मनमध्ये म्हणाले.

 परतताना गाडीत ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "सई पोटात होती गं. गावाकडून रोज फोन. बाळ येणार आणि घरात मांजर? ओरबाडेल! त्यातच हिला पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनला नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, नखंही काढायची का, पॅकेजमध्येच आहे. आपण लोक कसे ते माहीत आहे ना तुला? पॅकेजमध्ये आहे म्हटल्यावर सोडतो का आपण? फुकट ते पौष्टिक." त्यांनी टोपलीच्या जाळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सीटचा दोरा बदलायचा तरी मी दहा शंका काढतो. तिथे एक प्रश्न विचारला नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिंगी सईला चावली. झोपेत असताना सईने तिला उचललं, एवढंच निमित्त. दात खोल गेले, हात सुजला, औषधं सुरू झाली. काकू काही दुष्ट बाई नव्हत्या, पण इतकी वर्षं गाद्या-चादरी धुऊन त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. "अहो, पुरे झालं आता," त्या म्हणाल्या. "टियरहाइममध्ये देऊ. तिथे बेवारशी जनावरं सांभाळतात." म्हातारी, लंगडी, वर चावरी मांजर तिथून घरी कोण नेणार, हे त्यांनाही कळत होतं. सईने बँडेजचा हात छातीशी धरून सांगून टाकलं, "द्या नेऊन. ती मुळातच वाईट आहे."

तो शनिवार काकांच्या पाळीचा होता. ते जिना पुसत होते, सई पायरीवर बसलेली, आणि माझं दार उघडं होतं. काकांनी फडकं बादलीत टाकलं.

"सई, आधीचा मालक वगैरे कुणी नव्हता. चिंगी आमच्याकडे पिल्लू म्हणून आली. नखं मी काढायला लावली."

तिने काहीतरी पुटपुटत विचारलं. का, एवढंच मला कळलं.

"सोयीचं होतं म्हणून."

"तुला माहीत नव्हतं," सई म्हणाली. बाप वाचावा म्हणून ती पोर धडपडत होती.

"माहीत करून घेतलं नाही मी. ती वाईट नाही गं. मी तिला तसं केलं."

सई उठली आणि दार धाडकन लावून आत गेली. काका पुन्हा पायऱ्या पुसायला लागले. मला राहवलं नाही. "काका, बाळाला ओरबाडेल अशी भीती होती, हे का नाही सांगितलंत?"

"ते सांगितलं तर मी सुटेन. आणि मग ते सईच्या मानेवर बसेल."

दुसऱ्या दिवशी सईने आईला निर्णय ऐकवला, 'बाबांशी मी बोलणार नाही. पण चिंगी इथेच राहील.' काकूंनी कपाळाला हात लावला आणि टियरहाइमचा विषय संपला. नंतर कितीतरी दिवस त्या घरातला सगळा कारभार मांजरीमार्फत चालला. "चिंगी, त्यांना सांग, दूध संपलंय." "चिंगी, तिला म्हणावं, आणतो." टोपात खड्यांऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या आल्या. त्या फाडायला दोघं शेजारी बसत, एकमेकांकडे न बघता. बोटातला तुकडा काढायला नेलं तेव्हा मात्र टोपलीचा एक कान सईने धरला होता आणि एक काकांनी.

मग काकांना वोल्फ्सबुर्गला नोकरी मिळाली. गेल्या साली आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर घरात खुर्ची नाही, पलंग नाही. गाद्या जमिनीवर, आणि जेवायच्या टेबलाचे पाय बाप-लेकीने करवतीने कापलेले. चिंगीला उडी मारावी लागू नये म्हणून सगळं घरच तिच्या उंचीला आणलं होतं. "लग्नाच्या पंगतीसारखं बसायचं!" काकू म्हणाल्या, आणि हसल्याही. जेवताना चिंगी एकेकाच्या मांडीवरून सावकाश पलीकडे गेली. कुणालाही चावली नाही. काका उठताना भिंत धरून उठत होते.

परवा काकूंचा फोन आला. चिंगी गेली, झोपेतच. मग फोन काकांकडे दिला. मी म्हटलं, "काका, तुमचे गुडघे दुखतात. आता तरी खुर्च्या घ्या."

 काका म्हणाले, "विचारलं मी सईला. ती म्हणाली, इतक्यात नको, बाबा."