काकांच्या नावावरची चूक

आमच्या सोनाळ्याचं लेझीम पथक ज्यांनी उभं केलं, ते काका मिरवणुकीत कायम शेवटच्या ओळीत असत. बाहेरच्या पाहुण्यांना ते ओळखूही येत नसत. पथकासाठी त्यांनी एकच नियम केला होता: तीन वर्षं शिट्टी वाजवून सगळ्यांना चालवायचं, मग ती शिट्टी दुसऱ्याला देऊन मागं जायचं. "पुढं राहून राहून माणूस पथकाले आपल्या घरचं समजते बे," असं ते म्हणत.

मला शिट्टी मिळाली आणि मी ती सात वर्षं ठेवली. चौथ्या वर्षापासून काका विचारत, "रमाले काऊन देत नाही?" रमा अंगणवाडीत मदतनीस. तिचं पाऊल माझ्यापेक्षा नेमकं पडे.

"तिले अजून सगळ्या खुणा येत नाहीत, काका."

"त मंग शिकव ना!"

शिट्टीच्या कोणत्या खुणेवर कोणती चाल, हे मी शिकवत होतोही. पण शेवटच्या चार चालींच्या खुणा मुद्दाम स्वतःजवळ ठेवल्या होत्या. माझ्यावाचून अडावं, एवढंच मनात होतं.

जयंतीच्या आठवड्यात माझा पाय मोडला. शिट्टी रमाकडे गेली. तेव्हाही मी काही सांगितलं नाही. मिरवणुकीत, भर चौकात आठव्या चालीनंतर ती थांबली. चाळीस लेझिमा गप्प झाल्या, हलगी एकटीच वाजत राहिली.

"काय व रमा, संपलं का येवढ्यातच?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. रमाचे डोळे भरून आले. मी प्लास्टरचा पाय लांब करून खुर्चीवर बसलो होतो, दहा हातांवर.

काका मागून पुढं आले. मोठ्यानं म्हणाले, "तिचं काई चुकलं नाही. शेवटच्या चाली म्या शिकवणार होतो. इसरलो. माफ कर व माय." मग शिट्टी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यानं, त्यांनी उरलेल्या चाली पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "तुह्यासाठी नाही बोललो. पोरीले लोकं हासून राह्यले होते." आणि माझ्या पायाची चौकशी केली.

त्याच हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत खरं सांगायचं ठरवून मी उठलो, त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो आणि खाली बसलो.

आता पथक रमा चालवते. नव्या पोरींना पहिल्याच आठवड्यात सगळ्या खुणा शिकवते. परवा ती त्यांना सांगत होती, "आधीच शिकून घ्या. आपले काका लय चांगले होते, पण इसरत. भर चौकात माही फजिती झाली होती." पोरी हसल्या. त्यांनी काकांना पाहिलेलंही नाही.

रमा माझ्याकडे वळली. "नाही का हो, भाऊ?"

मी हो म्हणालो.