निळ्या झाकणाचा डबा

तिचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता आणि मला त्याचा असा राग येत होता, की जणू ती तो मुद्दाम चढवून ठेवतेय.

१९९०चा उन्हाळा तोंडावर आला होता. मी आखातात, फहाहीलच्या एका दवाखान्यात नर्स होते, नवरा शुऐबाच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही अबू हलीफात राहायचो आणि आमच्या समोरच्या दारात ही कोरियन बाई, दोन मुलांना घेऊन. तिचा नवरा वाळवंटात कुठल्याशा बांधकामावर असायचा आणि फक्त शुक्रवारी घरी यायचा. आधीची कितीतरी वर्षं तो एकटाच आखातात होता. ही मुलांना घेऊन पहिल्यांदा विमानतळावर उतरली, तेव्हा धाकटा बापाला बघून आईच्या मागे लपला होता. हे तिनेच मला सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हसत हसत. 

डोकं दुखतं म्हणून ती आमच्या दवाखान्यात आली आणि प्रकरण बाहेर आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मीठ कमी करा. शाळेला सुट्टी लागेपर्यंत दाब उतरला नाही, तर मायदेशी जाऊन नीट उपचार घ्या, इथे राहू नका." म्हणजे मुलं पुन्हा बापावेगळी होणार. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

तशी तब्येतीच्या बाबतीत ती आम्हा सगळ्याजणींना लाजवील अशी होती. पहाटे रुंद काठाची टोपी आणि पांढरे हातमोजे घालून समुद्रावर झपाझप चालायची आणि पेंगुळलेल्या मुलांनाही ओढत न्यायची. घरात कोला नाही, वेफर्स नाहीत. मुलं तहान लागली की भाजलेल्या जवाचं पाणी प्यायची. माझी लेक मात्र कोल्याच्या बाटलीशिवाय जेवायला बसायची नाही आणि मी ओरडले की "मम्मी, रिलॅक्स," म्हणायची. अशी बाई आजारी पडते आणि आमच्यासारख्या तळणं खाऊन ठणठणीत राहतात, हा कुठला न्याय?

मी कंबर कसली. तिची मिठात मुरवलेली कोबी बंद केली, सोयाबीनच्या खारट लगद्याचं सूप बंद केलं. तिने एका शब्दाने वाद घातला नाही. मी तिच्याहून मोठी म्हणून ती मला 'ऑन्नी' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीने सांगितलं की संपलं. दर शुक्रवारी मी यंत्र घेऊन तिच्याकडे जायचे, दंडाला पट्टा बांधायचे, पारा वर चढवायचे. दाब तिथल्या तिथेच. मी चिडून विचारायचे, "गोळी घेतलीस? खरं सांग!" ती मान डोलवायची. मला वाटायचं, लपूनछपून कोबी खातेय. दुसरं काय असणार?

एका शुक्रवारी मी सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरले. "फ्रिज उघड. काल काय काय खाल्लंस ते दाखव."

तिने निमूटपणे उघडला. आणि आत काय? माझं लिंबाचं लोणचं. माझी कुटाची मिरची. एका ताटलीत माझे सांडगे. आत सगळं माझंच होतं, तिची कोबी नावालाही नव्हती.

"हे तू खातेस?"

"रोज. भाताबरोबर," ती म्हणाली. "मुलांना तिखट लागतं. ऑन्नीने दिलेलं टाकायचं कसं?"

मी तिथेच स्टुलावर बसले. झालं होतं ते असं. अगदी सुरुवातीला तिने निळ्या झाकणाच्या डब्यातून मला मुरवलेला मुळा दिला होता. आता भांडं रिकामं कसं परत करायचं? माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने नाशिकहून माझा उद्धार केला असता. मी त्यात चिवडा घातला. पण तिच्याकडेही रिकामं भांडं परत करायची रीत नाही. मग माझे स्टीलचे डबे तिकडे आणि तिचे निळे डबे इकडे. एकीकडे मी तिला मीठ सोडायला सांगत होते आणि दुसरीकडे दोघीजणी एकमेकींना मीठ पुरवत होतो! घरचं म्हणजे चांगलं, असं माझं साधं गणित होतं. इतकी वर्षं दवाखान्यात काढून मला लोणच्यातलं मीठ दिसलं नाही, कारण ते माझं लोणचं होतं.

त्याच दिवशी ठरलं, डबे बंद. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी निळा डबा, आत काकड्यांच्या चकत्या, मीठ लावलेल्या. जिन्यात उभी राहून मी ओरडले, "अगं, काय ठरलं होतं आपलं?" तिने आपल्या उघड्या दारातून आत दिसणाऱ्या माझ्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यातून मी आधी पाठवलेल्याची परतफेड केल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. मी संतापून काकड्या घरात नेल्या आणि निळा डबा धुतला. दहा मिनिटांनी बघते तर मी त्यात शंकरपाळे भरत होते. मला स्वतःचा हात धरून ठेवावासा वाटला.

मग एकदा बेल वाजली. ती माझा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरून, मान खाली घालून उभी होती. मी घेतला. हलका लागला. उघडला तर आत काही नाही, नुसता घासूनपुसून कोरडा केलेला. तिचे कान लाल झाले होते. चोरी करताना सापडावी तशी उभी होती बिचारी. मला क्षणभर खरंच वाईट वाटलं, अगदी अपमान झाल्यासारखं. मग कळलं, हे करणं हिला किती जड गेलं असेल.

"शाबास," मी म्हणाले.

त्यानंतर पारा उतरायला लागला. शाळेला सुट्टी लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "छान. गोळ्या चालू ठेवा आणि खुशाल इथेच राहा." जुलैत ती मुलांना घेऊन सुट्टीपुरती कोरियाला गेली. तिचा एक निळा डबा माझ्याकडे राहिला होता. मी म्हटलं, "सप्टेंबरमध्ये देईन. रिकामा!" ती खळखळून हसली.

ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका बॅगेनिशी बगदाद, अम्मान करत मुंबई गाठली. डबा ओट्यावरच राहिला. नवरा पुढल्या वर्षी कामावर परत गेला तेव्हा आमच्या घरात पंखेसुद्धा शिल्लक नव्हते आणि समोरच्या दारात दुसरंच कुणी राहत होतं. तिचा कोरियातला पत्ता मी कधी मागितलाच नव्हता. समोर राहणाऱ्या बाईचा पत्ता कोण मागतं?

आता नाशिकला शेजारणीचं भांडं आलं की मी ते धुऊन, पुसून रिकामं परत देते. बायका नाकं मुरडतात, मुरडू देत. पण तो निळा डबा आज माझ्या हाताशी असता, तर मी तो रिकामा दिला नसता.