अण्णांसाठी आणलेलं कुत्रं

आई गेल्यावर अण्णा पुणतांब्याच्या घरी एकटेच राहिले. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मी श्रीरामपूरला शाळेत शिकवते. रविवारी जायचे, डबे भरून ठेवायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. त्यांच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा कुत्रं आणायचं माझ्या मनाने घेतलं. सोबतही होईल आणि राखणही.

गुरांच्या डॉक्टरांकडे चौकशी केली. त्यांनी आधी अण्णांचं वय विचारलं, मग गुडघे कसे आहेत ते विचारलं.

"मॅडम, जर्मन शेफर्ड नको. त्याला रोज पळवावं लागतं. वडिलांना एखादं मोठं झालेलं, शांत गावठी कुत्रं द्या."

मला गावठी नको होतं. भारदस्त, दारात उभं राहिलं की माणूस मागे सरकेल असं हवं होतं. जर्मन शेफर्डचंच दीड महिन्याचं पिल्लू टोपलीत घालून मी पुणतांब्याला नेलं. अण्णांना विचारलं नव्हतं. पिल्लू त्यांच्या धोतरात तोंड खुपसून झोपलं आणि ते बराच वेळ जागचे हलले नाहीत. मला वाटलं, जमलं.

वर्षभरात ते कमरेएवढं झालं. अण्णा रोज सकाळी त्याला नदीवर न्यायचे. एकदा फोनवर म्हणाले, "लई वढतंय गं त्ये. मला न्हाई आवरत."

"सवय होईल, अण्णा. नवीन आहे अजून."

नवीन कसलं? वर्ष झालं होतं. माझ्या सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तपासायचा राहिला होता, मला फोन ठेवायचा होता.

पुढच्याच आठवड्यात घाटावर डुकरं दिसली आणि कुत्रं उधळलं. पट्टा हातातून सुटू नये म्हणून अण्णांनी तो मनगटाला गुंडाळला होता. ते पायऱ्यांवरून फरपटत खाली गेले. माणसं धावली, पण कुत्रं अण्णांजवळ उभं राहून गुरगुरायला लागलं. कुणालाही जवळ येऊ देईना. राखण करायलाच आणलं होतं ते! अर्धा तास अण्णा दगडावर पडून होते. शेवटी शेजाऱ्याने काठीने कुत्र्याला बाजूला हाकललं. तो शेजारी नंतर मला म्हणाला, "ताई, मार खाल्ला तरी चावलं न्हाई हो कुणाला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण अण्णा पुन्हा चालले नाहीत. मी त्यांना माझ्या फ्लॅटवर आणलं. दुसऱ्या मजल्यावर आजारी माणूस आणि एवढं कुत्रं, दोन्ही मला झेपण्यासारखं नव्हतं. ओळखीतून श्रीगोंद्याकडचे एक पोल्ट्रीवाले तयार झाले. टेम्पोत चढताना ते अडून बसलं, दोघांनी उचलून आत घातलं.

एकदाच बघायला गेले. शेडच्या कोपऱ्यात साखळीला बांधलेलं होतं, बरगड्या दिसत होत्या. मला पाहून उठलं, अंगावर आलं, चाटलं. मग माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिलं. मी एकटीच आले होते. निघाले तेव्हाही ते तिकडेच बघत होतं.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "खातंय का?"

"खातंय. मोकळं असतं मळ्यात."

ते छताकडे बघत म्हणाले, "मला एकडाव इचारायचं हुतंस, बाई. मी म्हनलो असतो, तूच ऱ्हा दोन दिस जास्त."

मी त्यांचं पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहिले. चांगल्यात चांगली जात मी निवडली होती. ज्याला ते कुत्रं सांभाळायचं होतं, त्या माणसाकडे मात्र नीट बघितलंच नव्हतं.

पावसाळ्यात पोल्ट्रीवाल्यांचा फोन आला. चार दिवस कुत्र्याने काही खाल्लं नव्हतं, सकाळी मेलेलं सापडलं. अण्णांना मी सांगितलं नाही. त्यानंतरही ते विचारायचे आणि मी 'खातंय' म्हणायचे. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, विचारत नाहीत. त्यांना कळलंय की ते विसरलेत, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.