आमच्या कुत्र्याची नसबंदी

कुत्र्याच्या मानेतून मी चिमट्याने अळ्या काढत होते आणि बाहेर सोप्यात चहा मागितला जात होता. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी मी चिमटा हातात तसाच धरून दारात गेले. टोकाला एक गुबगुबीत पांढरी अळी वळवळत होती. चुलतदिरानं तोंड फिरवलं. "काय हे वैनी, खायच्या-प्यायच्या वक्ताला!" म्हणाला. मग चहा कुणी मागितला नाही.

आमचा कुत्रा पॉमेरियन. पांढरा, सात किलोचा. नवरा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन पलूसला घरी आला, त्या वर्षी मलकापूरच्या त्याच्या दोस्तानं हे पिल्लू दिलं. नवऱ्यानं त्याला कधी कुत्रा म्हटलं नाही, बाळ म्हणतो. बाळाला दूध नवरा पाजणार, गाडीवर पुढे बसवून फेरी नवरा मारणार. बाळानं मुतलेलं मी पुसणार. आणि बाळ मुतायचं तरी कुठं? गॅसच्या टाकीवर, ज्वारीच्या पोत्यावर, माझ्या रजिस्टरांच्या पिशवीवर. वयात आल्यापासून त्यानं घरातली एक वस्तू सोडली नव्हती. फिनेल ओतून ओतून माझ्या बोटांची सालपटं निघाली.

मी गावात आशाचं काम करते. लोहाच्या गोळ्या न्यायला बायका घरी येतात. एकदा सातव्या महिन्यातली एक पोरगी पायरीवर बसली होती, तर हा तिच्या पायाला मिठी मारून कंबर हलवायला लागला. ती बिचारी मान वर करेना. सोप्यातले पुरुष मात्र खदखदून हसत होते. "गडी तयार हाय!" सासरे म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी कुत्र्याला ओढून काढलं, पण किळस मला कुत्र्याची आली नव्हती.

भाद्रपद लागला की मग विचारूच नका. गल्लीत एखादी कुत्री माजावर आली, की हा फाटकाखालून सुटायचा. फाटकाखाली मी विटा लावायचे. गाडी काढताना नवरा त्या बाजूला सारायचा आणि परत काही लावायचा नाही. बाहेर दहा-बारा दांडगी कुत्री आणि त्यांच्यात हा कापसाचा गोळा. पहिल्यांदा कान फाडून घेऊन आला. दुसऱ्यांदा मागचा पाय. दोन्ही वेळी नवऱ्यानं त्याला छातीशी धरून साऱ्या गल्लीला दाखवलं, "एवढुसा हाय, पर मागं सरला न्हाई." तिसऱ्यांदा मानेला चावा बसला आणि दाट केसांखाली तो कुणाला दिसलाच नाही. चार दिवसांनी घरात कुजका वास सुटला. उंदीर मेला असेल म्हणून मी ट्रंका ओढल्या, फडताळ रिकामं केलं. मग तो वास माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला, तेव्हा उजेड पडला. केस बाजूला केले तर मानेत भोक, आणि भोकात नुसती वळवळ.

कराडला नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केस भादरले, जखम धुतली, निम्म्याअधिक अळ्या काढल्या. उरलेल्या औषध मारलं की वर येतील, त्या घरी काढा म्हणाल्या. मग हातमोजे काढत आम्हा दोघांना सांगितलं, "बरा झाला की याची नसबंदी करून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे आणायला कुत्रा उरायचा नाही." नवरा इतका वेळ फौजी ताठ उभा होता. ते ऐकलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे येऊन पोटाखाली एकमेकांत अडकले.

त्या संध्याकाळी सोप्यात बैठक बसली होती ती याच विषयावर. नवरा, सासरे आणि चुलतदीर. मी आत दारापाशी कुत्र्याला मांडीवर घेऊन अळ्या वर्तमानपत्रावर टाकत होते आणि सगळं ऐकत होते.

"अंगात ताकद ऱ्हाणार न्हाई त्याच्या. नुसता लठ्ठ हून पडंल," चुलतदीर म्हणाला. "त्यापरास एकदा जोडा बघून द्या. संसार तरी बघू दे त्याला."

"मुक्या जिवाचा तळतळाट लागंल," नवरा म्हणाला.

"मर्दाचं असलं काय करू नये," सासऱ्यांनी निकाल दिला.

मला राहवलं नाही. "मामा, तुमी खोंडं आडवी पाडून खच्ची करून घेतलीसा की. त्यांचा न्हाई लागला तळतळाट?"

"ती औताची जनावरं," सासरे म्हणाले. "ह्यो घरातला हाय."

ही वाक्यं मला नवी नव्हती. आशाचं काम करायला लागल्यापासून मी ती दारोदार ऐकते आहे. पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची असते, अर्ध्या तासात माणूस चालत घरी जातो, हे मी पाठ म्हणून दाखवते. समोरचा बाप्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतो. मग सुरू होतं. अशक्तपणा येतो. उसाला पाणी कोण पाजणार? विहिरीवरची मोटर कोण चालू करणार? मोटर चालू करायला नेमका कुठला अवयव लागतो, ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी कॅम्पच्या दिवशी त्याचीच बायको पिशवीत टॉवेल घालून माझ्याबरोबर येते.

मीही तशीच गेले होते. धाकटी आठ महिन्यांची होती. नवरा वीस दिवसांच्या सुट्टीवर आला होता. "माझं केलं तर सगळी सुट्टी अंथरुणात जाईल, आन् मग परेडला कसा हुभा ऱ्हाऊ?" असं तो याच सोप्यात म्हणाला आणि कपातला चहा निवायच्या आत माझं ठरलं. मी आत भाकरी थापत होते. माझी ताकद जाईल, मला काय वाटेल, कुणाचा तळतळाट लागेल, असलं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी नवऱ्याची सुट्टी संपली. त्याची ट्रंक मीच भरली. वाकलं की टाक्यातून पाणी यायचं आणि परकराला चिकटायचं. जाताना तो पोरांचे मुके घेऊन गेला. मला तेव्हा राग आला नव्हता. सगळ्याच बायकांचं तसं होतं. राग आला तो आता, इतक्या वर्षांनी, मांडीवर कुत्रं घेऊन, आणि असा आला की पुढचे कितीतरी दिवस मला या माणसांच्या ताटात वाढताना मळमळायचं. त्यांचं ते मिशा पुसणं, ते मांडी पसरून बसणं, काही म्हणता काही बघवेना.

जखम भरली. केस पुन्हा आले. आणि शेजारच्या घरची कुत्री माजावर आली. कुत्र्यानं खाणं सोडलं, फाटक खरडून खरडून नखातून रक्त काढलं. नवरा तेव्हा पलटणीतल्या दोस्ताच्या मुलाच्या लग्नाला बेळगावला गेला होता. मी फोन केला, "उद्या ह्याला कराडला न्हेते."

"मी आल्याबिगर काय करू नगंस," तो म्हणाला.

"तुमी येईस्तोवर ह्यो जगायचा न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.

सकाळी कुत्र्याला बाजाराच्या पिशवीत बसवून मी वडापनं कराडला गेले. गाडीत दहा माणसं कोंबलेली, तरी सगळ्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दवाखान्यात टेबलावर ठेवला तेव्हा तो थरथरत होता आणि माझ्याकडेच बघत होता. मला एकदम स्वतःची शिसारी आली. हे मी त्याच्या जिवासाठी करत होते, की घरातल्या त्या तिघांची तोंडं कशी होतात ते बघायला? खरं सांगायचं तर दोन्हीसाठी. त्याला तरी कुठं कुणी विचारलं होतं? मीसुद्धा नाही. पण चिमट्याच्या टोकाची ती अळी अजून डोळ्यांपुढून हलली नव्हती. कागदावर मालकाच्या जागी मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच शांत होणार नाही, महिना-दीड महिना जाईल. तोवर फाटक नीट बंद ठेवा." संध्याकाळी गळ्यात प्लॅस्टिकचं नसराळं घातलेला कुत्रा घेऊन मी घरी आले. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उठून रानात निघून गेले.

नवरा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. लग्नातल्या बुंदीचा पुडा त्यानं फडताळावर ठेवला. कोपऱ्यातल्या पोत्यावर कुत्रा पडला होता. मी भांडणाच्या तयारीनं कंबर कसून उभी होते; काय काय बोलायचं ते वडापमध्येच जुळवून ठेवलं होतं. पण तो माझ्याशी बोललाच नाही. पायातले बूटही न काढता कुत्र्याजवळ खाली बसला. त्याचं डोकं अलगद मांडीवर घेतलं, वाकून टाके बघितले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लय दुखतंय का रं, बाळा?" त्यानं विचारलं.

म्हणजे हे वाक्य त्याला येत होतं.