कार्डावरचं गाव

आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. दरेकशाच्या अलीकडे टेकड्यांच्या पोटात गाव आहे, घरातून बोलायचं म्हटलं तर नुसतं हॅलो हॅलो करत बसावं लागतं. त्या दिवशी आई टाकीकडे धावत गेली, गाडीसाठी फोन लावला, बोलली, आणि लेकीजवळ कोणी नाही म्हणून तशीच धावत घरी परतली. त्यानंतर तिला कोणाचाही फोन लागणं शक्य नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे तिलाच विचारत होते की फोन का उचलला नाहीस.

मी तिची थोरली मुलगी. गोंदियात सासर, तिथेच घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. शेजारणी म्हणतात, "मॅडम दिनभर कम्प्युटर पे बैठी रहती है." ते खरंच आहे. बसून काय करते हे मी कोणाला कधी नीट सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्याचे डोळे दुसऱ्या वाक्याला जड होतात. आज सांगावंच लागेल.

एका संस्थेची गरोदर बायांसाठी गाड्यांची सेवा होती. तिचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. फोन आला की केंद्रातली मुलगी समोरच्या बाईचं बोलणं ऐकून पडद्यावरचे खाने, म्हणजे फॉर्मचे रकाने, भरते: नाव, गरोदरपणाच्या कार्डाचा नंबर, कार्डावरचं गाव, सध्याचा मुक्काम, कितवा महिना. हे सगळं मिळून एक मेसेज होतो आणि तो दूरच्या सर्व्हरकडे निघतो. सर्व्हर एक नव्हता, जिल्ह्याच्या प्रत्येक भागाचा वेगळा होता. मेसेज कुठे पाठवायचा हे वाटेवरचा एक प्रोग्रॅम ठरवतो, पण तो मेसेज उघडून बघत नाही. पोस्टमन कुठे पत्र फोडून वाचतो? तो पाकिटावरचा पत्ता बघतो. या पाकिटावरच्या पत्त्याला आम्ही हेडर म्हणतो. मेसेजमधला एक खाना उचलायचा, तोच मजकूर वर हेडरात लिहायचा, की मेसेज बरोबर दारी जातो. कोणता खाना उचलायचा, हे ठरवणं माझं काम होतं.

मी कार्डावरचं गाव उचललं.

कारण साधं होतं. चाचणीसाठी आलेल्या नोंदींमध्ये मुक्कामाचा खाना जवळजवळ सगळीकडे रिकामा होता. रिकाम्या खान्यातून हेडर बनत नाही, आणि हेडर नसलेला मेसेज दारातच अडकून पडतो. कार्डावरचं गाव मात्र कधीच रिकामं नसतं. दोन नियम लिहिता आले असते: आधी कार्डावरचं गाव घे, मग मुक्काम भरलेला असेल तर तो घे. आमच्या पद्धतीत दोन नियम लागू पडले तर शेवटचा जिंकतो, त्यामुळे दोन ओळींत काम भागलं असतं. पण मला एकाच ओळीचं सुटसुटीत काम आवडतं. त्याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

माझं काम तपासणारा पुण्याचा एक तरुण होता. शहरातच वाढलेला, गोंदिया नकाशावर शोधावं लागलं असतं असा. त्याने बाजूला एक प्रश्न लिहिला: "मुक्काम कार्डावरच्या गावापेक्षा वेगळा असू शकतो का?" मी उत्तर दिलं, "क्वचित."

हा शब्द मी लिहिला. मी, जी सातव्या महिन्यात हातात डब्याची पिशवी घेऊन आईकडे आले होते. माझी मुलगी त्याच घरात जन्मली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे पाचवीतल्या पोरीलाही माहीत असतं. कार्ड सासरी निघतं, आणि बाई दिवस भरत आले की सासरच्या गावी नसते. म्हणजे ज्या बायांसाठी ती गाडी होती, त्यांतल्या निम्म्या बाया कार्डावरच्या गावी नसणारच. पुण्याच्या मुलाला शंका आली आणि मला आली नाही. शिकले आणि माझ्यातली तीच अक्कल पुसून गेली, असं मला आता वाटतं आणि त्याचा संताप येतो.

मला एक धाकटी बहीण, तिचं सासर अर्जुनी मोरगावकडे. आमचं गाव जिल्ह्याच्या एका टोकाला, तिचं दुसऱ्या. लग्न झाल्यापासून आई तिला नावाने हाक मारेनाशी झाली. लेक दिली की ती त्या गावची, म्हणून "आमची अर्जुनीवाली आली", "अर्जुनीवालीले भाजी आवडत नाही". मला "गोंदियावाली" म्हणते. गावातल्या सगळ्याच आया असंच म्हणतात, त्यात काही नवल नाही. पण हीच सवय पुढे तिच्या गळ्याशी आली.

धान कापणीचे दिवस होते, आणि धाकटी पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती. सकाळी अकराच्या सुमारास धाकटीला कळा सुरू झाल्या, दोन आठवडे आधीच. गावातले ट्रॅक्टर, माणसं, सगळं बांधीत, धानाच्या शेतात. आईने टाकीजवळून फोन लावला. मग घरी येऊन दोघी गाडीची वाट बघत बसल्या. आई सांगते, तिने अंगणातला कोंबड्यांचा खुराडा उचलून बाजूला ठेवला, गाडी वळायला जागा हवी म्हणून.

साडेबाराला मला फोन आला तो धाकटीच्या सासूचा.

"काऊन गं बाई, गाडी तं आमच्या दारात येऊन उभी आहे. डायवर विचारून राहिला, पेशंट कुठी आहे. सून तं तुमच्याकडं आहे ना?"

मला त्याच क्षणी कळलं. गाडी कार्डावरच्या गावी गेली होती. मी आईला फोन लावत राहिले आणि फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई मला सांगत राहिली की या नंबरशी संपर्क होऊ शकत नाही. शेवटी गावच्या किराणावाल्याला गाठलं. तो टाकीला लागूनच बसतो. त्याने बांधीत माणूस धाडून एक ट्रॅक्टर आणवला. ट्रॉलीत तणीस, धानाचा वाळका पेंढा, पसरली, त्यावर गोधडी, त्यावर माझी बहीण. रस्त्यातच बाळ आलं. मुलगा होता. तो रडला नाही. आईने त्याला उलटा धरून पाठीवर मारलं, तोंडात बोट घालून साफ केलं, जे तिला येत होतं ते सगळं केलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आला असतात तर.

धाकटी वाचली. बाळाला नाल्याच्या काठी पुरलं.

त्यानंतर न्यायनिवाडा सुरू झाला, आणि तो दोन दिवसांत संपलाही. सासरची माणसं म्हणाली, घाबरून म्हातारीच्या तोंडून आमच्याच गावाचं नाव गेलं असेल, चोवीस तास अर्जुनीवाली, अर्जुनीवाली चाललेलं असतं. शेजारच्यांनी माना डोलावल्या. संस्थेच्या कागदावरही एक ओळ आली: फोन करणाऱ्याने दिलेल्या पत्त्यात गोंधळ. धाकटी बाजेवर पडून होती. तिने आईकडे बघून एवढंच विचारलं, "आई, तू कोणतं गाव सांगतलं?"

आई म्हणाली, "मी तं आपलंच सांगतलं." मग म्हणाली, "असंच वाटते मले."

त्या वाटण्यातच ती हरली. पंधरा दिवसांत तिची खात्री पटली की तिच्याच तोंडून चुकीचं गाव निघालं. धाकटी बरी होऊन सासरी गेली, जाताना आईच्या पाया पडली नाही. फोन उचलायची, पण हो आणि नाही एवढंच बोलायची.

खरं काय झालं हे मी तिसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. सर्व्हरवर प्रत्येक मेसेजची नोंद राहते. मी तारीख टाकून तो मेसेज काढला. आत मुक्कामाच्या खान्यात आमच्या गावाचं नाव होतं, अचूक, आणि पुढे "टाकीमागचं घर" असंही. आईने एवढंसुद्धा सांगितलं होतं, आणि केंद्रातल्या मुलीने ते जसंच्या तसं टिपलं होतं. वर हेडरात मात्र दुसरं गाव होतं. हेडरात आपली अक्षरं तशी जात नाहीत, त्यांचं टक्क्याच्या खुणांत आणि आकड्यांत रूपांतर होतं. मी एकेक अक्षर सोडवत बसले. गाव कोणतं निघणार हे मला ठाऊक होतं, तरी शेवटच्या अक्षरापर्यंत सोडवलं. तिकडच्या केंद्राच्या पडद्यावर आणि ड्रायव्हरच्या फोनवर हेच हेडरातलं गाव दिसलं. आतला खाना कोणी उघडलाच नाही.

मी दुसरी ओळ लिहिली. दहा मिनिटं लागली. पुण्याच्या मुलाने अंगठ्याची खूण पाठवली. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण म्हणतो ना, तर त्यातला चोर मी होते आणि सुळीवर माझी आई होती. मला ते दिसत होतं आणि मी गप्प होते. पहिल्या महिन्यात म्हटलं, धाकटीची तब्येत सुधारू दे. मग म्हटलं, आता जखम कशाला उकरायची. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

आईचं मात्र बघवत नव्हतं. तिने अर्जुनीवाली म्हणणं सोडलं. धाकटीचा विषय निघाला की "ते", "तिकडची", असं काहीतरी चाचरत म्हणायची. आणि फोनवर तिला एक नवी खोड लागली. सिलिंडरवाला असो, बचत गटाची बाई असो, फोन लागला की नमस्कार चमत्कार राहिला बाजूला, ती आधी आपल्या गावाचं नाव सांगायची. तीनदा. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बचत गटाच्या बाया हसायच्या. मी एकदा ते माझ्या कानाने ऐकलं आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

आठ महिन्यांनी मी लॅपटॉप घेऊन गावी गेले. आईला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाकीट, पत्ता, खाना, सगळं. मुक्कामाच्या खान्यातलं गावाचं नाव तिला दाखवलं. चौथी शिकलेली आहे, तिने ते बोट ठेवून वाचलं. मी म्हणाले, "आई, तू बरोबर सांगितलं होतंस. चूक माझी होती. मी लिहिलेल्या ओळीने गाडी तिकडे गेली."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"लहानपणी तिनं मडकं फोडलं तरी तूच म्हणत होतीस, मी फोडलं. अजून तशीच आहेस. कायले खोटं बोलून राहिली मायासाठी?"

मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मान हलवली. आणि मला हायसं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. सांगूनही झालं आणि शिक्षाही चुकली. लॅपटॉप मिटून मी पिशवीत ठेवला, तिच्या हातचं वरणभात जेवले, आणि चवीने जेवले.

निघताना ती मला सोडायला टाकीपर्यंत आली. तिथे आलीच आहे तर धाकटीला एक फोन लावते म्हणाली. धाकटीला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना होता, आणि या वेळी माहेरी येणार नाही असं तिने आधीच कळवलं होतं. फोन लागला. पलीकडून धाकटीचा "हॅलो" मलाही ऐकू आला.

आणि आईने पोटच्या लेकीला आपल्या गावाचं नाव सांगितलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग म्हणाली, "मी बोलून राहिली. आई."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. या वेळी पाकीट वगैरे काही सांगितलं नाही. धाकटीला म्हणाले, "गाडी तुझ्या सासरी गेली ती माझ्या चुकीने. ते सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. आईने आपलंच गाव सांगितलं होतं, टाकीमागचं घर असंही सांगितलं होतं. मी ते तिसऱ्या दिवशी बघितलं आणि आठ महिने बोलले नाही."

टाकीतून पाणी गळत होतं. किराणावाला आमच्याकडे बघत होता. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी कानापासून काढून पडद्याकडे बघितलं. चालू होता.

"आईनं बरोबर सांगतलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मंग तिले दे फोन."

मी फोन आईला दिला. त्या दोघी टाकीखाली उभ्या असल्यासारख्या बोलत राहिल्या, आधी रडल्या, मग आई तिला काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगायला लागली. "ऐकून राहिली ना, अर्जुनीवाले?" असं ती म्हणाली तेव्हा माझी बस आली.

धाकटी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, सुखरूप आहे, असं आईने कळवलं. माझ्याशी धाकटी त्या दिवसापासून बोललेली नाही. मी फोन लावते, ती उचलत नाही, आणि तिला फसवून बोलायला लावायचं नाही, म्हणून मी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून कधी लावत नाही.