दुबईच्या हॉटेलात केळीचं पान

मंडळी, माझा एक जुना संशय आज खरा ठरला, पण आनंद काही झाला नाही.

माझे चुलतभाऊ नाना ऐंशीच्या दशकात दुबईला वेल्डर होते. सुटीवर गावी, असोद्याला आले की मळ्यात केळीच्या पानांवर भरीत पार्टी ठरलेली. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजताना आम्ही तिथल्या रात्रींबद्दल विचारायचो. नाना म्हणायचे, "तुमचं काय, वांगी आणि धूर. तिथं हॉटेलात रंगीत दिवे, गाणारी बाई, पहाटेपर्यंत नाच."

एकदा रंगात येऊन म्हणाले, "बाईनं सूर लावला आणि आम्ही केळीची पानं मांडून जेवायला बसलो."

मी तिथंच टोकलं, वाळवंटातल्या हॉटेलात केळीची पानं? नाना चिडले. त्या दिवसापासून त्यांची दुबई मला पटेना.

आज दुपारी पुन्हा त्याच मळ्यात भरीत होतं. नानांसोबत दुबईला एका खोलीत राहिलेले गृहस्थ चोपड्याहून आले होते. नाना पाणी आणायला उठले, तशी मी त्या गृहस्थांना हळूच विचारलं, ती गाणारी बाई कोण होती हो?

"कसानी बाई, भाऊ? सुटीनी रातले आम्ही खोलीवर स्टोव्हवर वांगा भाजूत. हाऊ नानाच गाये, नि बठ्ठा रडेत."

नाना गायचे आणि सगळे रडायचे! आमच्यासमोर नाना एकदाही गायले नाहीत.

आता मला आमचाच संशय येतोय. ती स्टोव्हवरची वांगी नानांनी सांगितली असती, तर आम्ही ऐकत बसलो असतो का? तुम्ही बसला असता?