नलूने वेगळा काढलेला जंतू

नलूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मूल गावच्या बसस्टॉपवर उभी होते. "ताई, नलू गेली... हार्ट अटॅक," एवढंच तो म्हणाला. गाडी आली, गेली; मी तिथंच येरझाऱ्या घालत राहिले. महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. स्वस्थ बसणं नलूला ठाऊकच नव्हतं; कुणाकडे चहाला गेली तरी आधी फ्रीज पुरेसा थंड आहे का ते हात घालून बघायची. त्यात तिच्या गावी एका लग्नघरी आदल्या दिवशीचा भात खाऊन माणसं ओकून ओकून आडवी झाली. उरलेला भात गरम गरमच, झाकण लावून, गंजासकट, म्हणजे अख्ख्या पातेल्यासकट, आहेरातल्या नव्या फ्रीजमध्ये कोंबला होता. पण फ्रीजला कोण नावं ठेवणार! खापर फुटलं स्वयंपाक करणाऱ्या सखूकाकूवर, नलूच्या सख्ख्या काकूवर. लग्नघरच्या शांताबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या हातचं आता कोणी खाऊ नोका." काकूला पंगतीच्या स्वयंपाकाची बोलावणी बंद झाली.

नलूने तो भात प्रयोगशाळेत आणला. त्यातला जंतू भातात नेहमी सापडतो तसाच दिसत होता. मी म्हटलं, तोच आहे, सोड आता. ती उखडलीच माझ्यावर. तो जंतू पेरलेली एक बशी तिने सात अंशांवर ठेवली, एक त्रेचाळीसवर. थंडीत हा पठ्ठ्या मजेत वाढला, उष्णतेत उगवलाच नाही. "आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात टिकणार नाही हा," नलू हसली. म्हणजे हा वेगळ्या प्रजातीचा, फ्रीजमध्येही वाढणारा. त्याचे बीजाणू तांदळासोबतच येतात, उकळूनही मरत नाहीत; झाकलेल्या गरम गंजात त्यांचं फावलं आणि पुढे फ्रीजनेही त्यांना रोखलं नाही. काकूच्या हाताचा काही दोष नव्हता. हे सांगत ती गावात दारोदार फिरली. "फ्रीजमंदी कुठी अन्न खराब होते का? काऊन डोकं खाऊन राह्यली?" असं ऐकून परत यायची, पुन्हा जायची. त्या लोकांचा मला अजून राग येतो... शेवटी तिने दोन्ही बशा शांताबाईंपुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी एकेक बशी उजेडाला धरून पाहिली. पुढच्याच आठवड्यात नलू गेली.

तेरवीचा स्वयंपाक सखूकाकूनेच करायचा, हा नलूच्या आईचा हट्ट. पंगत बसली, पण पानाकडे कुणाचा हात जाईना. तेवढ्यात शांताबाईंनी भात कालवला, खाल्ला, आणि पान पुढे सरकवलं.

"सखूबाई, अजून वाढा मले."

काकू भात घेऊन त्यांच्या पानाशी वाकली. "वाढतो न बाई... पण हे पाहाले माही नलू पायजे होती."